वास फुकट, वाटी नाही

झाकण काढलं की अक्का आधी पंखा हातात घेई, मग पळी. ताडाच्या पानाचा तो पंखा दोन ठिकाणी फाटला होता आणि काळ्या दोऱ्यानं शिवला होता. पातेल्यातून वाफ उठली की ती पदर खोचून उभी राही आणि ती वाफ दारातून रस्त्यापलीकडे हाकली जाईल असा वारा घाली. दहा-बारा वेळा वारा घालून झाला की समोरच्या दुकानाकडे एकदा नीट बघे आणि मगच पहिल्या गिऱ्हाइकाची वाटी भरे.

एखादा नवखा विचारी, "चुलीला सोडून वाफेला कसला वारा घालता, अक्का?"

"समोरच्यासाठी," ती म्हणे. "वास फुकट. वाटी नाही."

डूख धरणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी तर त्यातलीच एक. पण डूख इतक्या नेमानं, रोजच्या अंघोळीसारखा पाळणारं माणूस मी एकच पाहिलं.

आमचं घर मल्लेश्वरमला. तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा सरदाराच्या घोड्यामागून आमचं घराणं इथं आलं, असं अप्पा सांगत. घोडा गेला, सरदार गेला, घरात मराठी तेवढी उरली, तीही निम्मी कानडी. मी दंडूतल्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होते. दंडू म्हणजे कँटोन्मेंट. आम्ही जुने लोक दंडूच म्हणतो. सातची पाळी असली की सहाला घरून निघावं लागे. पोटात काही नसे, आणि त्या काळी बाईमाणसानं एकटीनं बसून खावं अशी हॉटेलं थोडी होती. अक्काच्या खोलीत चार बाकं होती. रांधणारी अक्का, वाढणारा तिचा नवरा. म्हणून मी आत शिरले. साल असेल छप्पन किंवा सत्तावन.

"काय काम करतेस?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"टेलिफोनमध्ये आहे."

"सरी. बस, टेलिफोन."

तेव्हापासून माझं नाव टेलिफोन पडलं. तिचं बोलणं म्हणजे तमिळ, कानडी आणि हिंदुस्थानीची खिचडी. इथं मी ते मराठीत सांगते आहे, पण 'सरी', म्हणजे बरं, आणि 'टेलिफोन' हे दोन शब्द मात्र तिचेच.

तिथं एकच पदार्थ मिळे, मोहिंगा. ब्रह्मदेशात लोक सकाळी तोच खातात म्हणे. तांदळाच्या शेवया, त्यावर माशाचा दाट रस्सा, त्यात केळीचा गाभा, गवती चहा, लसूण, भाजलेल्या तांदळाचं पीठ. वरून उकडलेलं अर्धं अंडं आणि डाळीचा कुरकुरीत वडा चुरून. मासा बेळ्ळंदूरच्या तळ्यातला. अण्णा, म्हणजे तिचा नवरा, तो सायकलवरून आणी. त्याला दिवसाकाठी चार वाक्यं पुरत, आणि त्यातली दोन माशाला उद्देशून असत. पहिल्या घासाला मला वाटलं, हे काय सारवण. तिसऱ्या घासाला मी वाटी तोंडाला लावली होती. घरी आईनं केसांचा वास घेतला आणि म्हणाली, "कुठल्या मेल्या हॉटेलात जातेस?" मी म्हटलं, "जातेच."

आता समोरच्याबद्दल.

समोर एक टेलरिंगचं दुकान होतं. मालक साठीतला, काटकुळा, गळ्यात टेप. दोन जुनी पायमशीनं. एकावर तो, एकावर कारागीर. अक्कानं वाफ हाकली की त्याचं मशीन थांबे. मान वर होई, नाकपुड्या हलत. मग तो घाईघाईनं सुईत दोरा ओवायला लागे, आधीच ओवलेला असला तरी. मी बाकावरून हे रोज बघे. पहिल्यांदा वाटलं, माशाचा वास सोसत नसेल बिचाऱ्याला.

अक्काकडे पार्सल मिळत नसे. "इथं बसा, इथं खा." मोठमोठ्या साहेबांचे शिपाई डबे घेऊन आले आणि परत गेले. याचं कारण मला अण्णानं सांगितलं, त्याच्या चार वाक्यांतल्या दोनांत. दुकान उघडलं त्या वर्षी पोस्टमन झाकणाचा डबा घेऊन आला होता. अक्कानं डब्याचं झाकण उलटून पाहिलं, कडीला शिवणाचा दोरा अडकलेला दिसला, आणि तिनं भरलेला डबा तिथंच गटारात रिकामा केला.

मग मी अक्कालाच विचारलं. ती गवती चहा ठेचत होती. ठेचता ठेचताच तिनं सांगितलं, आवाज न चढवता.

समोरचा तिचा सख्खा काका. अक्काचा बाप तमिळ, आई बर्मी, घर रंगूनला. बाप आधीच वारलेला. युद्धात रंगूनवर बॉम्ब पडले तेव्हा जो तो हिंदुस्थानच्या वाटेला लागला. काकानं एक बैलगाडी मिळवली. गाडीत त्याची दोन शिलाई मशीनं आणि तापानं फणफणलेली वहिनी, म्हणजे अक्काची आई. अक्का पंधरा वर्षांची, ती गाडीमागून चालत होती. चढ लागला, बैल थकले. काहीतरी उतरवायला हवं होतं. त्यानं वहिनीला उतरवलं आणि झाडाखाली बसवलं. म्हणाला, पुढच्या गावातून गाडी परत पाठवतो. पोरीला तिच्याजवळ ठेवलं.

"दोन दिवस मी रस्ता बघत बसले," अक्का म्हणाली. "तिसऱ्या दिवशी बघायचं कारण उरलं नाही."

समोर मशीन चालत होतं. अक्कानं बत्त्यानंच तिकडे दाखवलं. "तीच दोन मशीनं. ऐक, कशी छान चालतात."

पुढे निर्वासितांच्या छावणीत तिला अण्णा भेटला. दोघांनी मद्रासला खानावळ काढली, बरी चालली. एक दिवस एका गिऱ्हाइकानं अंगातला शर्ट काढून खुर्चीवर टाकला. कॉलरच्या आत शिंप्याचं लेबल होतं, त्यावर काकाचं नाव आणि खाली बंगळूर. महिन्याभरात मद्रासचं बिऱ्हाड मोडून ती इथं आली आणि बरोबर समोरची खोली भाड्यानं घेतली. भाडं जास्त होतं, चूल धुरकट होती, तरी तीच घेतली.

"भांडला नाहीत त्याच्याशी?"

"काय भांडू? माणसाला झाडाखाली बसवणं कुठल्या कायद्यात गुन्हा आहे?" ती म्हणाली. "पण मी त्याला ओळखते. जन्मभर तो माझ्या आईच्या हातचा मोहिंगा खाऊन कामाला गेला. या गावात तो दुसरीकडे मिळत नाही. रोज सकाळी त्याला तिची आठवण व्हायला हवी, आणि मिळायला नको."

मला हे फार आवडलं. खोटं कशाला सांगू? माफ करावं, विसरावं, हे शहाणपण मला कधी मानवलेलं नाही. माझ्या काळ्या रंगावरून माझी आत्या भर लग्नात बोलली होती, "हिला नोकरीच लावा, बाकी काही लागणार नाही." मी तिच्याशी बोलणं सोडलं. अक्काला हे सांगितलं तर तिनं एवढंच विचारलं, "किती वर्षं?"

"सात."

"चांगलं," ती म्हणाली, आणि माझ्या वाटीत अख्खं अंडं घातलं.

त्यानंतर मीही हातभार लावला. समोरच्याचा मद्रासला ट्रंक कॉल असला की मी तो तास तास लोंबकळत ठेवी. "लाइन बिझी आहे, सर," अगदी मधाळ आवाजात. अक्काला सांगितलं की ती तोंडाला पदर लावून हसे. दोघी बायका सकाळी सकाळी एका म्हाताऱ्याला हसतोय, हे तेव्हा मनातही आलं नाही.

फळीवर, चुलीपासून दूर, एक सीलबंद बरणी होती. शेजारी लाखेचा लाल गोल डबा, आत मसाल्याच्या डब्यासारखे कप्पे. बरणीत लपे, म्हणजे चहाचा मुरवलेला पाला. तो मधल्या कप्प्यात ठेवायचा, भोवती तळलेला लसूण, तीळ, शेंगदाणे. बर्मी लोक त्यावर जीव टाकतात. तरी अक्का ती बरणी उघडत नसे. वर्ष झालं की न उघडताच फेकून देई आणि मद्रास बंदरावरून नवी मागवी.

"आमच्याकडे दोघांचं भांडण मिटलं की दोघांनी एका डब्यातून लपे खायचा," तिनं सांगितलं. "खाल्ला की संपलं. मग ते भांडण कुणी काढायचं नाही. जो काढेल, ते त्याच्या गळ्यात."

"मग फेकायला कशाला मागवता?"

"फेकायलाच," ती म्हणाली. "मिटवता येत असून मिटवत नाही, हे मला माहीत असायला हवं."

अशी सहा-सात वर्षं गेली. मग समोरचा विसरायला लागला. आधी एका पोलीस अधिकाऱ्याच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. मग माप घेऊन झालं की पुन्हा घ्यायचा. मशीन कारागीरच चालवायचा. अक्काच्या लक्षात आलं की वाफ गेली तरी त्याची मान वर होत नाही. त्या आठवड्यात ती माझ्यावर, अण्णावर, माशावर, सगळ्यांवर चिडलेली होती. दुप्पट वारा घाली, लसूण जास्त टाकी.

आणि एका सकाळी तो रस्ता ओलांडून आला. माझ्या समोरच्या बाकावर बसला, हात पुसले आणि बर्मीत काहीतरी मागितलं. अण्णाच्या हातातली ताटली तशीच राहिली. अक्का पळी घेऊन उभी. मला वाटलं, आता रस्सा याच्या डोक्यावर.

तिनं वाटी भरली. त्याच्यापुढे ठेवली. त्यानं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मग ती त्याच्यासमोर बसली आणि तिनं त्याला गाडीची गोष्ट सांगितली. बैल, चढ, मशीनं, झाड. तो खायचा थांबला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"असं कुणी केलं?" त्यानं विचारलं.

"तू," अक्का म्हणाली.

वाटी तशीच टाकून तो धडपडत गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, हात पुसले, मोहिंगा मागितला. कालचं काहीही त्याला आठवत नव्हतं. अक्कानं वाटी दिली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तो पुन्हा रडला. पुन्हा विचारलं, कुणी केलं? पुन्हा "तू." रोज. असा सूड कुणाच्या नशिबी येतो? माणूस एकदा मेला की मेला, पण हा रोज सकाळी कोरा होऊन येत होता. मी पाळी बदलून घेतली नाही, आजारी पडले नाही, दोन महिने सगळं पाहिलं. मला गोड वाटत होतं, लिहून टाकते.

पण तो आणखी एक विचारायचा, दाराकडे जाताना. "आणि ती पोर? ती एकटी कशी आली?"

पहिले काही दिवस अक्कानं उत्तर दिलं नाही. मग एकदा म्हणाली, "चालत." मग एकदा, "दुसऱ्यांच्या मागून." मग कधी पायाचं, कधी तहानेचं. छावणीत नाव लिहून घेणाऱ्यानं विचारलं नव्हतं, मद्रासला कुणी विचारलं नव्हतं. अण्णानंही नाही, तो विचारणाऱ्यातला नव्हताच. मीसुद्धा नाही. मला काकाची गोष्ट पुरली होती. रोज कळवळून विचारणारा हाच एक निघाला. तो त्या पोरीसाठी रडायचा, आणि ती पोर त्याच्यासमोर बसलेली असायची.

एका गुरुवारी गोष्ट संपली. "असं कुणी केलं?" त्यानं विचारलं.

"होता एकजण," अक्का म्हणाली. "मेला तो."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि उरलेली वाटी खाऊन टाकली.

अक्कानं अण्णाला बरणी काढायला सांगितली. सील तिनं दातानं तोडलं. लाल डबा मध्ये ठेवला. दोघांनी चिमूट चिमूट लपे खाल्ला, काका-पुतणीनं. अण्णा मागच्या अंगणात कांदे कापायला गेला. कांदे सकाळीच कापून झाले होते.

माझा संताप संताप झाला. मला वाटलं, मला फसवलं. सात वर्षं मी हिच्या बाजूनं लढले आणि हिनं न विचारता तह केला. आणि तो? त्याला काय शिक्षा झाली? आयता मोहिंगा, आयता लपे, वर "बरं झालं". मी आठवडाभर कुणाशी धड बोलले नाही.

पुढच्या शुक्रवारी अक्का मागं मासा साफ करत होती. खोलीत तो आणि मी. तो मजेत खात होता. माझ्याकडे बघून हसला आणि मोडक्या कानडीत म्हणाला, "हिच्या हाताला चव आहे. आईनं शिकवलं असणार."

झालं. मी चमचा खाली ठेवला. "तिची आई कुठं आहे, माहीत आहे का?" म्हटलं. "झाडाखाली आहे. तुम्ही बसवलीत. गाडी पाठवतो म्हणालात, पाठवली नाहीत. ती वाट बघतेय." एक्स्चेंजातला आवाज लावला होता मी, स्पष्ट, प्रत्येक अक्षर सुटं. 'वाट बघतेय' हे माझ्या पदरचं होतं. अक्का असं कधी म्हणाली नव्हती.

तो रडला नाही. उठला, धोतर सावरलं आणि रस्त्यावर गेला. नाक्यावर जटका उभा होता, आमच्याकडचा टांगा. त्याच्या दांडीला धरून तो जटकेवाल्याला सांगू लागला, "गाडी फिरव. वहिनी मागं राहिलीय. ताप आहे तिला. मशीनं उतरव, मशीनं इथंच राहू देत." जटक्यात काहीही नव्हतं. जटकेवाला हसत होता. म्हातारा रिकाम्या जटक्यातून दोन्ही हातांनी काहीतरी जड ओढून खाली काढत होता.

अक्का माशाच्या हातांनी धावत आली. तिनं त्याला कमरेला धरून परत आणलं. मी दारात उभी होते. माझ्याजवळून जाताना तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाकी सगळं तो रोज विसरायचा, हे मात्र विसरला नाही. दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, "गाडी आली का?" मोहिंगा खायला तो पुन्हा आला नाही. अक्काच वाटी झाकून रस्ता ओलांडायची, जिनं कधी कुणाला पार्सल दिलं नव्हतं ती. त्याच्या शेजारी बसून सांगायची, "आली गाडी. आई पोचली." तेवढ्यापुरता तो खायचा. मग पुन्हा विचारायचा. चार महिन्यांत गेला.

त्या प्रकारानंतर दुसऱ्याच सकाळी मी गेले होते. माफी मागायला म्हणा, किंवा रोजच्या सवयीनं म्हणा. बाकावर बसले. अक्कानं पातेल्याचं झाकण काढलं. पंखा घेतला. वारा दाराकडे घातला नाही, माझ्याकडे घातला. वाफ माझ्या तोंडावर, केसांत. दहा-बारा वेळा.

"अक्का, चुकलं माझं."

"लपे खाऊन झाला होता, टेलिफोन," ती म्हणाली. "तुला माहीत होतं. आता ते तुझं." मग पळी घेऊन ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. "वास फुकट. वाटी नाही."

मी सातव्या दिवशी पुन्हा गेले, महिन्यानं पुन्हा गेले. तेच. मग आत जाणं सोडलं. माझा बसस्टॉप तिच्या दारापासून वीस पावलांवर होता. एक स्टॉप आधी उतरून मला तो टाळता आला असता, पण मी टाळला नाही. रोज पावणेसातला उतरायची, आणि ती दारात येऊन स्टॉपच्या दिशेनं वारा घालायची. पाऊस असो, सण असो. नाक मुरडून निघून जाईन असं रोज ठरवायची, आणि रोज उभी राहायची. एकदा कामावरच्या मैत्रिणीला डबा देऊन पाठवलं. ती रिकामा डबा घेऊन परत आली. म्हणाली, "त्या बाईनं झाकण हुंगलं आणि म्हणाली, टेलिफोनला सांग, पार्सल नाही." इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या नाकपुड्या हलताना बघून हसले होते. तो सुईत दोरा का ओवायचा, हे मला त्या स्टॉपवर कळलं. हात कुठं ठेवावेत तेच कळत नाही.

अडीच वर्षं हे चाललं. मग एका सोमवारी उतरले तर वास नव्हता. मंगळवारी नाही. बुधवारी मी आत गेले. अण्णा एकटा बाकं उलटी करून ठेवत होता. अक्का रविवारी गेली. छातीत कळ आली, पातेलं चुलीवर होतं. तो मद्रासला भावाकडे निघाला होता.

तो मागं गेला आणि फळीवरची बरणी घेऊन आला. सीलबंद.

"ही यंदाची," तो म्हणाला. "मागच्या दोन फेकल्या. दर वर्षी तुझ्यासाठी मागवायची."

चारपैकी तीन वाक्यं त्यानं माझ्यावर खर्च केली. चौथं काही बोलला नाही, लाल डबा माझ्या हातात दिला आणि बाकं उचलायला लागला.

बरणी अजून माझ्याकडे आहे, मल्लेश्वरमच्या घरात, चुलीपासून दूर. आतला पाला कधीच काळा पडला असेल. भाचरं म्हणतात, फेकून दे, किंवा निदान उघडून तरी बघ. मी म्हणते, ते एकट्यानं खायचं नसतं.